दिसलाच पाहिजे का?

गंगेतला डॉल्फिन श्वास घ्यायला पाण्याबाहेर येतो, तो जेमतेम एक-दीड सेकंद. कधी लांब, चिमट्यासारखी चोच दिसते, कधी नुसतीच करडी पाठ, आणि लगेच पुन्हा गढूळ पाणी. समुद्रातल्या डॉल्फिनसारख्या उंच उड्या तो सहसा मारत नाही. पुढच्या वेळी कुठे वर येईल, याचा नेम नसतो. आपण खिशातून मोबाइल काढून कॅमेरा सुरू करेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. बहुतेकांच्या फोनमध्ये उरतो तो नदीचा रिकामा व्हिडिओ आणि त्यात मागून आलेला कुणाचा तरी आवाज : 'अरे, आत्ता होता!'

असा प्राणी पाहायला गेलेल्या माणसाच्या मनात पहिली इच्छा येते ती थोडं जवळ जाण्याची. बोट जरा पुढे घ्या. तिकडे वळवा. अजून दहा मिनिटं थांबू. ही इच्छा वाईट आहे असं कुणी म्हणणार नाही. ज्याला नदीत काय आहे याची उत्सुकताच नाही, त्याच्यापेक्षा हा माणूस बरा. पण या इच्छेत एक प्रश्न दडलेला आहे. एखादा प्राणी आपल्याला दिसावा, म्हणून आपण त्याच्या घरात किती आत जावं? आणि आपल्या पाहण्याची किंमत त्याला मोजावी लागत असेल, तर ते पाहणं निर्दोष म्हणता येईल का?

हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा, कारण आपल्याकडे नदीवरच्या निवांत सफरींचे दिवस आले आहेत. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून 'एमव्ही गंगा विलास' हे जहाज निघालं. ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर, २७ नद्या, वाटेत बांगलादेश, शेवट आसामातल्या दिब्रुगडला. तीन डेक, १८ खोल्या, ३६ प्रवासी. पहिल्या फेरीत स्वित्झर्लंडचे ३२ पर्यटक होते. ब्रह्मपुत्रेवर, सुंदरबनात लहान-मोठ्या क्रूझ त्याआधीपासून चालतात. साधारण दिनक्रम असा : सकाळी नाश्ता, मग छोट्या बोटीतून काठावर, तिथून जीपने काझीरंग्याचे गेंडे पाहायचे, दुपारी परत, संध्याकाळी डेकवर चहा घेत नदीकडे बघत बसायचं. दुर्बिणी हाताशी, पक्ष्यांची नावं सांगायला माहीतगार माणूस सोबत. विमानाने उडत जाऊन दोन दिवसांत दहा ठिकाणं उरकण्यापेक्षा हे किती तरी शहाणपणाचं वाटतं. सावकाश जाणं, थांबणं, बघणं. आपल्यातल्या अनेकांना हेच हवं असतं आणि परवडत नसतं.

या सगळ्यात 'सावकाश' हा शब्द नीट तपासून पाहायला हवा. सावकाश कुणासाठी?

०००

गंगेतल्या डॉल्फिनला हिंदीत सोंस म्हणतात. श्वास सोडताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडलं असं मानलं जातं. म्हणजे काठावरच्या माणसांनी या प्राण्याला ओळखलं ते आधी कानांनी. तो स्वतःही कानांनीच जगतो. त्याच्या डोळ्यांत भिंगच नसतं. उजेड आहे की अंधार, एवढं त्याला कळत असावं, पण आकार दिसत नाहीत. हिमालयातून येणाऱ्या गाळाने भरलेल्या पाण्यात डोळ्यांचा उपयोगही फारसा नव्हता. तो सतत बारीक टकटक आवाज काढतो आणि त्याचे प्रतिध्वनी ऐकून मासा कुठे आहे, तळ किती खोल आहे, वाटेत जाळं आहे का, हे ताडतो. आपल्यासाठी जे पाहणं, ते त्याच्यासाठी ऐकणं.

अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७४ मध्ये वटवाघळावर एक निबंध लिहिला. तोही प्रतिध्वनींवर जगणारा जीव. नेगेल यांचा मुद्दा असा होता की, वटवाघळाच्या शरीराविषयी आपण सगळी माहिती गोळा केली, तरी वटवाघूळ म्हणून जगणं आतून कसं असतं, हे आपल्याला कळणार नाही. सोंसबद्दलही हेच म्हणता येईल. आवाजांनी बनलेली नदी कशी असते, याची कल्पना आपण करू शकत नाही. पण आतून कळत नाही म्हणून बाहेरूनही काहीच कळत नाही, असं मात्र नाही. अंधारात चाचपडत चालणाऱ्या माणसाच्या कानाशी कुणी ढोल बडवला तर त्याचं काय होईल, हे समजायला आंधळं असावं लागत नाही.

पाण्यात आवाज हवेपेक्षा चारपटींहून अधिक वेगाने जातो आणि दूरवर पोचतो. डेकवर बसलेल्या प्रवाशाला इंजिनाची नुसती मंद घरघर ऐकू येते, किंवा तीही येत नाही. तीच घरघर पाण्याखाली, पंख्याच्या फिरण्यासकट, वेगळी असते. २०१९ मध्ये मयूख डे, नचिकेत केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बिहारमधल्या गंगेत इंजिनाच्या बोटींच्या आवाजाचा सोंसवर काय परिणाम होतो, हे त्यांनी पाहिलं. आवाज थोड्या वेळापुरता आला, तर डॉल्फिनच्या टकटकीत वाढ होत होती, जणू गोंगाटात आपलं म्हणणं पुन्हा पुन्हा सांगावं तशी. आवाज सततचा असला, तर ती दबून जात होती. कोरड्या हंगामात पाणी उथळ झालं की हा ताण आणखी वाढतो, आणि तो शरीराला सोसावा लागतो, म्हणजे अन्नातून मिळालेली शक्ती त्यात खर्च होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

इथे एक अडचणीचा योगायोग आहे. क्रूझचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे नदीचं पाणी उतरत जातं त्या काळात. पाणी उतरलं की सोंस खोल डोहांकडे आणि खोल प्रवाहाकडे सरकतात. जहाजालाही तोच खोल प्रवाह लागतो. प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा पट्टा १९८६ पासून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ आहे आणि त्यात जहाजांसाठी साधारण दोन ते तीन मीटर खोली राखायची योजना आहे. जिथे ती नसते, तिथे गाळ उपसावा लागतो. जंगलात जीप दिसली तर गेंडा गवतात शिरू शकतो. उतरलेल्या नदीत सोंसने कुठे जायचं? तो आणि आपण एकाच अरुंद गल्लीत आहोत, आणि गल्ली त्याची आहे.

म्हणजे जो सावकाशपणा आपण विकत घेतो, तो आपल्या घड्याळातला. पाण्याखाली त्याचा अर्थ एवढाच, की आवाज जास्त वेळ चालू राहतो.

०००

आपली प्राण्यांविषयीची नीती बरीचशी मारण्याभोवती उभी आहे. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात स्तंभलेखात ज्या प्राण्यांना मारू नये म्हणून यादी दिली, तिच्यात 'गंगापुपुटक' असं एक नाव आहे. अनेक अभ्यासक ते नाव गंगेतल्या डॉल्फिनचं मानतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही तो पहिल्या अनुसूचीत आहे. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवण्यात आलं. मारू नका, हे आपल्याला नीट सांगता येतं. पण जो मारत नाही, पकडत नाही, कचराही टाकत नाही, फक्त प्रेमाने बघायला येतो, त्याला काय सांगायचं? त्याच्या वागण्याला आपल्याकडे नीट शब्दही नाही. 'हिंसा' म्हटलं तर फार होतं आणि 'गंमत' म्हटलं तर फार कमी. गावाकडे याला 'जाच' म्हणतील. जाच करणाऱ्याला बहुतेकदा आपण जाच करतोय हे माहीत नसतं, आणि तो सोसणाऱ्याला बोलता येत नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की, सोंसचे खरे शत्रू पर्यटक नाहीत. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून ते मरतात. त्यांच्या चरबीचं तेल मासे पकडायला वापरतात, म्हणून त्यांची शिकार झाली आहे. फराक्क्यासारख्या बंधाऱ्यांनी नदीचे तुकडे केले. शहरांचं सांडपाणी, शेतातली रसायनं आहेतच. बोटींचा हिशेब मांडला तरी मालवाहू जहाजं आणि रोजच्या फेरीबोटी यांच्यापुढे क्रूझ म्हणजे किती? हे खरं आहे. सगळा दोष ३६ प्रवाशांवर टाकणं हास्यास्पद होईल.

पण जबाबदारी नुसत्या टक्केवारीने वाटली जात नाही. कोळशाचं जहाज चालवणारा 'माझं या प्राण्यावर प्रेम आहे' असं म्हणत नाही. आपण म्हणतो. आजारी माणसाच्या खोलीबाहेर रस्त्यावर ट्रक जातात, म्हणून भेटायला आलेल्या नातेवाइकांनी मोठ्याने गप्पा मारल्या तर चालतं का? ट्रकवाल्यापेक्षा नातेवाइकांकडून आपली अपेक्षा जास्त असते, कारण ते आजाऱ्यासाठीच आलेले असतात.

शिवाय प्रत्येक कारण स्वतःपुरतं छोटंच असतं. चीनमधल्या यांगत्से नदीत बैजी नावाचा डॉल्फिन होता, सोंसचा दूरचा भाऊबंद. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी सहा आठवडे ती नदी पालथी घातली, डोळ्यांनी शोधलं, पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून ऐकलं. एकही सापडला नाही. त्याच्या जाण्यात मासेमारीच्या जाळ्यांचा आणि आकड्यांचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. जहाजांची गर्दी, धरणं, प्रदूषण यांचा भार त्यात पडत गेला. यांगत्सेवरच्या आलिशान क्रूझ मात्र थांबल्या नाहीत. घाट, धुकं, डोंगर आजही तितकेच देखणे दिसतात. डेकवरून पाहणाऱ्याला काही कमी झालंय, हे कळतही नाही. हे मला सगळ्यात भीतीदायक वाटतं.

०००

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पाहिल्याशिवाय प्रेम कसं वाटणार? जे कधी दिसलंच नाही, ते वाचवायला कोण उभं राहणार? शहरात वाढलेल्या मुलाने एकदा सोंसची पाठ पाहिली, तर पुढे तो नदीच्या बाजूने बोलेल. काठावरच्या नावाड्याला पर्यटकांमुळे चार पैसे मिळाले, तर जिवंत डॉल्फिन त्याला मेलेल्यापेक्षा मोलाचा वाटेल. आणि खुद्द विज्ञान तरी काय करतं? मार्च २०२५ मध्ये भारतातल्या नदी-डॉल्फिनची पहिली देशव्यापी मोजणी जाहीर झाली. आकडा आला ६,३२७, त्यात सिंधू नदीच्या जातीचे फक्त तीन. २८ नद्यांमधून साडेआठ हजारांहून जास्त किलोमीटरचा प्रवास करून ही मोजणी झाली, तीही प्रामुख्याने बोटींतूनच. मग मोजणाऱ्यांची बोट चालते आणि बघणाऱ्यांची चालत नाही, हा कुठला न्याय?

या प्रश्नावर थांबून विचार केला तेव्हा मला एक फरक दिसला. मोजणी करणारा माणूस दिवसभर बोटीत बसतो आणि संध्याकाळी वहीत 'शून्य' लिहितो. ते शून्यही त्याच्या कामाचं असतं. यांगत्सेवरच्या त्या सहा आठवड्यांचं फलित शून्यच होतं, आणि जगाला ते कळणं महत्त्वाचं होतं. न दिसणं हे त्याच्यासाठी उत्तर आहे. तिकीट काढून आलेल्या माणसासाठी न दिसणं म्हणजे पैसे वाया. पाहण्याच्या या दोन रीतींमधली रेघ इथे आहे. बोट कुणाची, तिकीट किती, मनात प्रेम किती, या गोष्टी त्यानंतरच्या.

दिसण्याची हमी मागितली की पुढचं सगळं ओघाने येतं. हे समजायला बिहारपर्यंत जायला नको. तारकर्ली, मुरुड-हर्णै, गोवा इथे समुद्रातले डॉल्फिन दाखवायला बोटी निघतात. 'डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे नाहीत' अशी हमी देणारे बोटवाले गोव्यात भेटतात. ग्राहक म्हणून हे किती प्रामाणिक वाटतं! पण या एका वाक्याने बोटवाल्याचं पोट प्राण्याच्या दिसण्याला बांधलं जातं. मग एक पाठ दिसली की चार बोटी तिकडे धावतात, कळपाच्या वाटेत आडव्या येतात, इंजिनं गरगरतात. बोटवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. हमी त्याने दिली, पण मागितली आपण. आपला 'पैसा वसूल' हा शब्द तिथे पाण्यात काम करत असतो.

याच हमीची दुसरी बाजू फोनमध्ये असते. फोटो नाही तर गेल्याचा पुरावा नाही. वाघ, गेंडा, हत्ती हे प्राणी फोटोत मावतात. सोंस मावत नाही. एका सेकंदाचा प्राणी पोस्ट करण्याच्या जगाला गैरसोयीचा आहे. मला हे त्याचं भाग्यच वाटतं. पण त्यामुळेच त्याच्या आणखी जवळ जाण्याचा मोहही मोठा आहे.

०००

किंमत मोजणाऱ्यांत फक्त प्राणी नसतात. बिहारमध्ये सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा सुमारे ६० किलोमीटरचा पट्टा १९९१ मध्ये विक्रमशिला गंगा डॉल्फिन अभयारण्य म्हणून जाहीर झाला. याच भागातल्या पाण्यावर त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या जमीनदारी होती. जमिनीवर नव्हे, वाहत्या गंगेवर. मासे धरायचे तर कोळ्यांनी पाण्याच्या मालकाला कर द्यायचा. त्याविरुद्ध १९८२ मध्ये कहलगावातून गंगा मुक्ती आंदोलन उभं राहिलं आणि दहाएक वर्षांच्या लढ्यानंतर ही जलजमीनदारी संपली. ज्या सुमारास कोळ्यांना नदी मोकळी झाली, त्याच सुमारास तिच्या एका भागाचं अभयारण्य झालं आणि मासेमारीवर वेगळ्या बंधनांची सावली पडली.

अभयारण्य चुकीचं होतं असं मला म्हणायचं नाही. जाळ्यांनी सोंस मरतात, हे वर सांगितलंच. पण त्या काठावरच्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. त्याला सांगितलं जातं, तुझं जाळं या प्राण्याला धोकादायक आहे, आवर घाल. तो पोटासाठी पाण्यात उतरलेला असतो. आणि त्याच पाण्यातून सुट्टीवर आलेल्यांचं तीन मजली जहाज जातं, त्या प्राण्याच्याच नावाने. आवर घालण्याची सक्ती गरजवंतावर आणि सूट हौसेवर, असं झालं तर संरक्षण या शब्दावरचाच लोकांचा विश्वास उडतो. ज्याला नदीची गरज आहे त्याच्याकडून आपण जेवढा संयम मागतो, त्यापेक्षा जास्त संयम ज्याला नदीची फक्त आवड आहे त्याने पाळायला हवा. मला तरी यातून सुटका दिसत नाही.

०००

मग जाऊच नये का? काहींचं उत्तर 'नका जाऊ' असं असेल आणि ते आदराने ऐकावं असंच आहे. माझं उत्तर वेगळं आहे. जावं, पण 'न दिसला तरी चालेल' हे आधी स्वतःशी ठरवून जावं. ही नुसती मनाची समजूत नाही, तिच्यातून ठोस गोष्टी निघतात. ज्याला न दिसणं चालतं, तो बोट जवळ घ्यायला सांगत नाही. तो दिसण्याची हमी देणाऱ्यापेक्षा हमी न देणारा नावाडी निवडतो आणि त्याला ठरलेले पैसे पूर्ण देतो, पाठ दिसो वा न दिसो. बुकिंग करताना तो खोलीतल्या एसीबरोबर हेही विचारतो की डोहाच्या जागी जहाजाचा वेग कमी करता का, डॉल्फिन दिसल्यावर जहाज वळवता का, पाणी फार उतरलं तर फेरी रद्द करता का. असे प्रश्न दहा जणांनी विचारले तर उत्तरं तयार ठेवावी लागतात.

आणि सोंसच्या बाबतीत आणखी एक सोपा मार्ग आहे, ज्याची जाहिरात होत नाही, कारण त्यात विकण्यासारखं फारसं काही नाही. दोन नद्यांचे संगम, नदीची मोठी वळणं, खडकांमागचे भोवरे अशा जागी मासे जमतात, आणि तिथे सोंसही येतात. यातल्या काही जागा काठावरून दिसतात. घाटाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला इंजिन लागत नाही, गाळ उपसावा लागत नाही. पाण्याखाली त्याचा पत्ताही लागत नाही. पाण्यावर लक्ष ठेवून तासभर गप्प बसायचं, एवढंच. क्रूझच्या जाहिरातीत ज्या निवांतपणाचं वर्णन असतं, तो इथे फुकट आहे. फक्त इथे जागचं हलायचं असतं ते त्याने, आपण नाही.

बोटीतच जायचं असेल, तर वल्ह्यांची बोट मिळते का ते आधी बघा. नसेल मिळत तर डोहापाशी पोचल्यावर नावाड्याला इंजिन बंद करायला सांगा. तो म्हणेल, 'असं नुसतं थांबून दिसेलच असं नाही.' त्याला सांगा, चालेल. मग फोन खाली ठेवा आणि कान उघडे ठेवा. पाठ कदाचित चुकेल, पण पाणी शांत असेल तर त्याने सोडलेला श्वास ऐकू येतो.